होडीवाल्या म्हाताऱ्याचं पुण्यानुमोदन

आमच्या घरात कुणाच्या मरणाची बातमी आलीच, तर ती वरच्या मजल्यावरून येणार हे ठरलेलं होतं, कारण फोन वरच्या मजल्यावर होता. आम्ही बहारीनमध्ये जुफैरला एका इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला राहायचो. पप्पा त्या इमारतीचे आणि कंपनीच्या अशाच आणखी काही इमारतींचे एसी सांभाळायचे, म्हणून ती जागा मिळाली होती. वर बहुतेक अमेरिकन कुटुंबं, नेव्हीच्या तळावरची. बरोबर आमच्या डोक्यावर लिंडा राहायची, तिची मुलगी हेदर, आणि तिचा नवरा, जो वर्षातला बराचसा काळ जहाजावर असायचा. एका भर उन्हाळ्यात पप्पांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन लिंडाचा एसी चालू करून दिला, तेव्हा तिने आपण होऊन सांगितलं की गावाकडे माझा नंबर देऊन ठेवा, तातडीचं काही आलं तर मी खाली येऊन सांगेन. पप्पांनी नंबर गावी कळवला आणि आईला बजावलं, "मॅडम कधी अवेळी खाली आल्या तर घाबरायचं न्हाई. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग इचारायचं." आईने त्या दिवसापासून घाबरायला सुरुवात केली.

आमच्या खिडकीबाहेर सगळ्या इमारतीच्या कॉम्प्रेसरांची रांग होती. घरात बोलायचं म्हणजे त्यांच्यावर आवाज चढवून बोलावं लागे, आणि आजही आमच्या घरातले लोक लग्नकार्यात भांडतायत असं वाटतं, त्याचं कारण हे आहे. पप्पा मात्र जेवता जेवता घास हातात थांबवून बाहेर कान देत आणि म्हणत, "तिसऱ्या मजल्याचा खोकतोय." मग भाकरी झाकून ठेवायची आणि ते जिना चढायचे. भाकरी असली तर. ज्वारीचं पीठ गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून यायचं आणि आई ते औषधासारखं वापरायची. एरवी कोपऱ्यावरच्या इराण्याच्या भट्टीतली खुबूस रोटी आणि डाळ. सुकट भाजायचं असलं की आई आधी जिन्यात जाऊन वास घ्यायची, वरच्यांच्या खिडक्या बंद आहेत का याचा अंदाज म्हणून. हॉलच्या भिंतीवर दोन तसबिरी, आमच्या घरांत असतात त्याच, आणि त्यांच्या खाली टीव्ही. त्यामुळे लहानपणी मी जे जे बघितलं ते थोरांच्या नजरेखालीच बघितलं, असं म्हणायला हरकत नाही.

शाळेतून आल्यावर दुपारी टीव्हीवर कार्टून लागायचं. ते जपानमध्ये बनलेलं आणि अरबीत बोलणारं असायचं. त्यातली अरबी रस्त्यावरची नव्हे, बातम्या देणाऱ्याची. माकडसुद्धा त्यात राजदूतासारखं बोलायचं. माझी अरबी शाळेतली, काठावर पास होणारी. त्या वर्षीच्या मालिकेचं खरं नाव मला कधी कळलं नाही. आम्ही तिला 'होडी' म्हणायचो. "होडी लागली गं," अशी आईची हाक आली की मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचो. बर्फाच्या मुलखातली एक नदी, तीवर होडी चालवणारा म्हातारा आणि त्याची नात, एवढीच गोष्ट. लोक होडीत बसायचे, पलीकडे जायचे. कुणी नवरी असायची, कुणी पळालेला चोर. म्हातारा फारसं बोलायचा नाही. कधी कधी तर बराच वेळ नुसतं पाणी आणि वल्ह्याचा आवाज, आणि त्यात आमचे कॉम्प्रेसर मिसळायचे. पप्पा दुपारी घरी असले तर उभ्या उभ्या बघत. "ह्याला कामाची सवय हाय," असं ते त्या म्हाताऱ्याबद्दल म्हणाले होते. पप्पांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

हेदर आमच्याकडे यायला लागली ती या होडीमुळेच. ती माझ्याहून थोडी लहान होती. पहिल्यांदा ती दारात उभी राहून म्हणाली, "ही तर केटी आहे." आमच्या अरबी टीव्हीवर त्या मुलीचं नाव नूरा होतं. हेदरकडे या मालिकेच्या व्हिडिओ कॅसेट होत्या, ओहायोतल्या मावशीने पाठवलेल्या, अमेरिकेत दाखवतात तशा. ती मला वर घेऊन गेली, आणि मी पहिल्यांदा अमेरिकन होडी बघितली. चित्रं तीच. पण तिथे म्हातारा एकसारखा विनोद करायचा, अगदी तोंड बंद असतानासुद्धा. पाण्याचा आवाज होता तिथे ढोल आणि गिटार. नूरा, म्हणजे केटी, होडीत एकटी बसली की मनातल्या मनात मोठ्याने सांगायची की आज किती थंडी आहे आणि मी होडीत बसले आहे. चोर त्यात चोर नव्हता, वाट चुकलेला काका होता. मी खाली येऊन पप्पांना हे सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "त्यांच्याकडं पोरांना एकटं सोडत न्हाईत वाटतं."

हेदरला मात्र आमची होडी आवडायला लागली. तिची अडचण एकच, तिला अरबी येत नव्हती. मला येत होती असं तिला वाटायचं. इथे मला वर्षावासाबद्दल सांगावं लागेल. पावसाचे तीन महिने ग्रंथ वाचायचा हा आमच्या वस्तीवरचा नेम, आणि बहारीनमध्ये पाऊस नाही म्हणून तो काही कुणी सोडला नव्हता. शुक्रवारी दुपारी आपली माणसं आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसायची, बाहेर अंडी उकडतील असं ऊन, आणि आत वर्षावास. हिद्दला बंदरावर काम करणारे वाघमारेकाका वाचायचे आणि पप्पा अर्थ सांगायचे. एक माणूस वाचणारा, एक अर्थ सांगणारा, अशी ती पद्धत. काकांनी चार ओळी वाचून थांबायचं, पप्पांनी "म्हणजे काय झालं, मंडळी," अशी सुरुवात करायची, आणि मग त्या चार ओळींचा अर्थ फलटणच्या बाजारापर्यंत जाऊन परत यायचा. नियम एकच होता आणि त्यात सूट नव्हती, पान गाळायचं नाही. एकदा एका बाईच्या मेलेल्या लेकराचा प्रसंग आला. समोर बसलेल्या एका वहिनींचं मूल त्याच वर्षी गेलं होतं. काकांनी पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, "वाचा." वहिनी रडल्या, सगळ्या बाया रडल्या, आणि मग त्याच वहिनींनी उठून सगळ्यांचा चहा केला.

तर होडीचं मी तसंच सुरू केलं. टीव्हीने वाचायचं, मी अर्थ सांगायचा. "मीनिंग व्हॉट हॅपन्ड, पीपल," असं मी हेदरला आणि मिलिंदला उद्देशून म्हणायचे आणि पुढे बोलायचे. मला त्या अरबीतलं निम्मं कळायचं. उरलेलं चेहऱ्यांवरून, पाण्यावरून आणि फलटणच्या बाजारावरून भरून काढता येत होतं. पप्पाही तेच करतात अशी माझी समजूत होती. माझा मुलगा आता जपानी कार्टून जपानीतच बघतो, खाली अक्षरं लावून, आणि दुसऱ्या कुठल्या भाषेत बघणाऱ्यांची त्याला कीव येते. तो सांगतो की इंटरनेटवर अमेरिकेतले, इंग्लंडमधले चाळीशी उलटलेले लोक हमरीतुमरीवर येतात, लहानपणी आम्हाला दाखवताना तुम्ही काय काय कापलंत, कुणाची नावं बदललीत, कुणाला मारायचं ठेवलंत आणि कुणाला नाही, यावरून. मी म्हटलं, बटणाचं मी सांगू शकले असते. तो म्हणाला, कसलं बटण? त्याला मी तेव्हा सांगितलं नाही, कारण कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

सप्टेंबर असेल. एका बुधवारी होडीतला म्हातारा मेला. काही आजार नाही, आरडाओरडा नाही. त्याने एका बाईला पलीकडे पोचवलं, होडी बांधली, वल्हं पुसून ठेवलं आणि पाण्याकडे बघत बसला. मग नूरा कंदील घेऊन आली. बराच वेळ कुणीच बोललं नाही, राजदूताच्या अरबीतसुद्धा नाही. हेदर म्हणाली, "तो झोपलाय का?" मी म्हटलं, "नाही. मीनिंग, ही इज डेड." ती म्हणाली, कार्टूनमध्ये कुणी मरत नाही. मी म्हटलं, यात मरतं. मग गावातले लोक माना खाली घालून नदीकाठी उभे राहिले आणि भाग संपला. आम्ही तिघं बसून राहिलो. पान गाळायचं नाही, हे मला माहीत होतं. पान वाचून झाल्यावर काय करायचं तेही माहीत होतं. माणूस गेला की पुण्यानुमोदन करायचं असतं.

मी हेदरला पांढरे कपडे घालून यायला सांगितलं. ती तिचा पांढरा नाइटगाउन घालून आली. मी म्हाताऱ्याचं चित्र काढलं, ते स्टुलावर ठेवलं, पुढे मेणबत्ती लावली. आई तेव्हा वहिनींकडे लोणच्याला गेली होती. मी त्रिसरण-पंचशील घेतलं, हेदरने आणि मिलिंदने माझ्यामागून म्हटलं, हेदरची पाली माझ्या अरबीपेक्षा बरी होती. मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. आमच्यात भाषणाशिवाय काही होत नाही. मी म्हटलं, दिवंगत हे कष्टाळू आणि मनमिळाऊ होते. हेदर म्हणाली, "त्याने कुणालाही पाण्यात पाडलं नाही." मिलिंदला बोलायला काही सुचलं नाही, तेव्हा तो रडला, आणि ते सगळ्यांत चांगलं झालं. शेवटी बिस्किटं आणि नारंगी सरबत. हेदर हातात विझलेली मेणबत्ती घेऊन, नाइटगाउनमध्ये, संध्याकाळी वर गेली आणि तिच्या आईने विचारल्यावर तिने सांगितलं की सुजाताकडे, म्हणजे आमच्याकडे, आजोबा वारले, मी त्यांच्या विधीला गेले होते. यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी पप्पा कामावर गेल्यावर लिंडा खाली आली. हातात काचेचं मोठं भांडं, वरून चंदेरी कागद. त्यात मासा, मकरोनी आणि चीज एकत्र भाजलेलं होतं. त्यांच्याकडे दुःखाच्या घरी असं काही तरी घेऊन जातात हे मला पुढे कळलं. आईने दार उघडलं आणि लिंडाला अवेळी उभी बघून तिचा हात कडीवरच राहिला. लिंडाचे डोळे भरलेले होते. तिने आईला मिठी मारली आणि इंग्रजीत म्हणाली, आजोबांचं कळलं, फार वाईट वाटलं. आईने माझ्याकडे बघितलं. अर्थ सांगणारीचं काम मी चोख केलं. "आई, ती म्हणतीये, आजोबांचं कळलं. वाईट वाटलं."

"कोणते आजोबा," असं आईने विचारलं नाही. आईचे वडील ती लहान असतानाच गेले होते. उरले होते ते एकच, पप्पांचे वडील, आबा. लिंडाची टॅक्सी बाहेर थांबली होती, ती भांडं देऊन, पुन्हा मिठी मारून, दुपारी येते म्हणून गेली. आई भांडं धरून तशीच खाली बसली.

तू का नाही बोललीस, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. बोलायचं काय? मला ते आमचंच पुण्यानुमोदन उलटून आलंय असं वाटलंच नाही. मला वाटलं, वर फोन आला. काल एक आजोबा गेले, आज दुसरे. काल ज्याच्यासाठी आम्ही विधी केला तो चित्रातला होता हे मला माहीत होतं; पण विधीला ते माहीत असेल का, याची मला खात्री नव्हती. म्हातारा, आजोबा, पांढरे कपडे, मेणबत्ती, सगळं बरोबर होतं, फक्त पत्ता नव्हता घातलेला.

वॉचमनने दुसऱ्या इमारतीतून पप्पांना बोलावून आणलं. त्यांनी बूट काढले, हात धुतले, तसबिरींसमोर थोडं बसले. रडले नाहीत. "फोन कधी आला?"

"सकाळीच आला आसंल," आई म्हणाली. "मॅडम लई रडत व्हती."

गेल्या खेपेला आबांनी पप्पांना एसटीत बसवताना म्हटलं होतं, आता पुढच्या येळंला मी असंन नसंन. ती खेप होऊन बरीच वर्षं झाली होती. एसीवाल्या माणसाला उन्हाळ्यात रजा नाही, आणि बहारीनमध्ये उन्हाळा संपला की कंपनीला बाकीची कामं आठवायची. पप्पा दर वर्षी रजा मागायचे ठरवत आणि दर वर्षी कुठला तरी मजला खोकायचा. त्या दिवशी गुरुवार, ऑफिस अर्धा दिवस, पुढे शुक्रवार बंद. ते आधी कोपऱ्यावरच्या फोनवर गेले. गावात स्टँडवरच्या एसटीडीवाल्याने सांगितलं की मी आत्ताच दुकान उघडलंय, मला काय ठावं न्हाई, पण वस्तीवर सकाळी गर्दी दिसली खरी. माणूस धाडतो, तासाभरानं फोन करा. ती गर्दी बोअरवेलची गाडी बघायला जमली होती. पप्पांना ते कळण्याचा मार्ग नव्हता. तास थांबायलाही वेळ नव्हता. सनाबिसला कंपनीच्या ऑफिसात जाऊन त्यांनी मॅनेजरला गाठलं. मॅनेजर बहारीनी होता, सगळे त्याला अबू खालिद म्हणायचे. त्याने उठून पप्पांना मिठी मारली, कंपनीकडे जमा असलेला पासपोर्ट कपाटातून काढून दिला, आणि शनिवारी संध्याकाळच्या विमानाचं तिकीट सांगून टाकलं.

दुपारपर्यंत हॉल भरला. हिद्दहून वाघमारेकाका पांढरा शर्ट घालून आले, मेणबत्त्यांचा पुडा घेऊन. वहिनी आल्या. आबांना इथल्या कुणीच बघितलेलं नव्हतं, पण सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते, आणि बरोबर बोलत होते. लिंडाचं भांडं मधोमध होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता, पण हलवलंही नव्हतं. पप्पा भिंतीला टेकून बसले होते. "वर जाऊन फोन करायचाय गावाला," ते मधूनच म्हणाले. "मॅडम आल्या की."

तेवढ्यात लिंडा आणि हेदर दारात आल्या. हेदरने माणसं बघितली, पांढरे कपडे बघितले, मेणबत्त्या बघितल्या, आणि जरा वैतागून मला इंग्रजीत म्हणाली, "पुन्हा? होडीवाल्या आजोबांचं आपण कालच केलं ना?"

हॉलमधल्या सगळ्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाघमारेकाका म्हणाले, "काय म्हणते ती?" मी आयुष्यात पहिल्यांदा अर्थ सांगितला नाही. मग मिलिंदने सांगितला. त्याला मराठी नीट बोलता येत नसे, त्या दिवशी आलं. "कार्टूनमधला मेला. होडीतला. आम्ही बिस्किटं खाल्ली."

पप्पा उठले आणि लिंडाला एवढंच म्हणाले, "मॅडम, फोन." आम्ही तिघं वर गेलो. मी सोबत, कारण लिंडाला समजावायला कुणी तरी हवं होतं आणि मला त्या हॉलमध्ये थांबायचं नव्हतं. फोन बराच वेळ वाजला, मग एसटीडीवाला, मग खरखर, आणि मग आबांचा आवाज, जो त्या खोलीत कोपऱ्यातल्या झाडापर्यंत ऐकू आला. "कोन मेलं रं?"

"कुनी न्हाई, आबा."

"मग मला उन्हाचं कशाला चालत आणलंस?"

पप्पांनी फोन ठेवला. लिंडाकडे पांढरा, जाड गालिचा होता, त्यावर कुणी बूट घालून जायचं नाही असा नियम होता. पप्पा त्यावर बसले आणि रडले. सकाळपासूनचं ते तेव्हा आलं. लिंडाने मला विचारलं, "म्हणजे खरंच वारले?" मी म्हटलं, "नाही. जिवंत आहेत म्हणून." तिने मान हलवली, पण तिला ते पूर्ण समजलं असं मला वाटलं नाही. मग मी तिला बाकीचं सांगितलं. ती ऐकत गेली आणि म्हणाली, "पण त्या कार्टूनमध्ये आजोबा मरत नाहीत. आमच्याकडे शेवटची कॅसेट आहे. तो शहरात राहायला जातो."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती कॅसेट आणि स्वतःचा व्हीसीआर घेऊन खाली आली. मला वाटतं, आपल्या मुलीने मृत्यू बघितला नाही, अशी तिला खात्री करून घ्यायची होती. हेदरचा बाप तेव्हा समुद्रावर होता, हे मला त्या वेळी महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आणि आमच्याकडे तर दुःखाला आलेली पण दुःख न उरलेली माणसं बसलेली होती. त्यांना परत जायला अवघड वाटत होतं. तेव्हा सगळ्यांनी होडी बघितली.

अमेरिकन होडीत म्हातारा बाईला पलीकडे सोडतो, वल्हं पुसतो आणि पाण्याकडे बघतो. मग त्याचा आवाज येतो, तोंड न हलता, की केटी, मी शहरात बहिणीकडे राहायला चाललो, काळजी करू नकोस. गिटार. पुढचं चित्र गावकऱ्यांचं, नदीकाठी, माना खाली. ते मात्र त्यांना कापता आलं नव्हतं बहुतेक. तिथे एक बाई म्हणते, "अरे देवा, केटीचं बटण हरवलं. चला सगळे मिळून शोधू या."

मी अर्थ सांगितला. वाघमारेकाका चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. "बटन शोधायला एवढी मानसं?"

"आन् सगळी एकाच जागी उभी," एक वहिनी म्हणाल्या. "वाकत कुनीच न्हाई."

लिंडाने ते चित्र थांबवलं. तिने ही कॅसेट आधी बघितली होती, बटणासकट. आता ती टीव्हीजवळ जाऊन बसली आणि त्या माणसांकडे बघत राहिली. "हे लोक कुणाला तरी पोचवायला आलेत," ती हळूच म्हणाली. हेदर म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला, मॉम." पप्पांनी मला सांगितलं, "मॅडमना म्हन, त्यांच्याकडच्यांनी पान गाळलं." मी म्हटलं. लिंडा म्हणाली, त्यांना वाटतं की मुलांना ते सोसणार नाही.

आई भांड्यावरचा चंदेरी कागद सारखा करत होती. "तिला इचार," ती मला म्हणाली, "त्यो शहरात गेला म्हनत्यात, तर परत येतो का पुढं?"

लिंडा म्हणाली, नाही, त्यानंतर तो दिसत नाही.

"मग पोरगी वाट बघत बसंल की," आई म्हणाली.

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. फलटणच्या बाजारात गेले नाही, काही भर घातली नाही. लिंडाने हेदरला जवळ ओढून घेतलं, आणि हेदरने, त्या वयात मुलं करतात तसं, जरा अंग आखडून घेतलं आणि मग सोडलं. मग आईने ताटल्या आणल्या आणि मासा-मकरोनी सगळ्यांना वाढली. वाघमारेकाका म्हणाले, वरून लाल तिखट असतं तर आणखी चाललं असतं. ते आणलं. चाललं.

शनिवारी सकाळी पप्पा पासपोर्ट परत द्यायला सनाबिसला गेले. संध्याकाळचं विमान होतं, आणि आईने बॅग उघडलीच नव्हती. ते म्हणाले, बापाच्या मरणावर रजा घेतली, बाप जिता हाय, आता खोटं बोलून जाणं नाही. आई म्हणाली, नोकरी गेली तर. ते म्हणाले, गेली तर गेली. पण बूट घालायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. जागा कंपनीची, व्हिसा कंपनीचा. खोटं कारण सांगून रजा घेणाऱ्याला अबू खालिद त्याच विमानाने कायमचा पाठवतो, हे सगळ्या इमारतींना माहीत होतं. मला त्यांनी बरोबर घेतलं. शिक्षा म्हणून की साक्षीदार म्हणून, ते सांगितलं नाही.

अबू खालिदने सगळं ऐकून घेतलं. पप्पा अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, थोडं अरबी असं बोलत होते. होडीचा भाग आला तेव्हा ते अडखळले, आणि अबू खालिदने माझ्याकडे बघून विचारलं, "तो नदीवरचा म्हातारा? बुधवारचा?" मी मान हलवली. तो म्हणाला, "माझ्या घरात कुणी जेवलं नाही त्या दिवशी. माझी आई अजून माझ्या बायकोशी बोलत नाही, की टीव्ही आधीच बंद का नाही केलास." मग त्याने टेबलावरचा पासपोर्ट बोटाने पप्पांकडे परत सरकवला. पप्पा म्हणाले, "पण बाप जिंदा है, सर."

"माझ्याकडे माणसं येतात," अबू खालिद म्हणाला, "बाप मेला, जाऊ द्या. मी जाऊ देतो. ती पोचतात तेव्हा मातीसुद्धा सुकलेली असते. जिवंत बापाला भेटायला मला कुणी रजा मागितलीच नाही अजून. मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं, ती गोष्ट वेगळी. आता तिकीट झालं. खलास. यल्ला, जा."

एसीचा मोसम होता. दोन मजले बंद पडले असं आम्हाला मागाहून कळलं. पप्पा गेले. त्यानंतर पुन्हा ते आबांना भेटले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले तेव्हा पप्पा जुफैरलाच होते आणि त्यांनी रजा मागितली नाही, माझं भेटून झालंय म्हणाले.

त्या खेपेची हकीकत त्यांनी आम्हाला परत आल्यावर सांगितली, आणि पुढे दर वर्षावासात कुठल्या तरी चार ओळींच्या अर्थात ती यायचीच. ते वस्तीवर पोचले तेव्हा आबा बोअरवेलजवळ विहिरीच्या कठड्यावर बसलेले होते. फोनचं प्रकरण त्यांना तोवर तुकड्या-तुकड्यांनी कळलं होतं आणि ते रुसलेले होते. पप्पांनी पाया पडून सगळं नीट सांगितलं, जपानी कार्टून, अरबी, अमेरिकन मॅडम, बटण, सगळं. पान गाळलं नाही. आबांनी बिडी विझेपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी माझं पुण्यानुमोदन झालंया?"

"तुमचं न्हवं आबा, त्या होडीवाल्याचं."

"एकच झालं. भाषनं झाली का?"

"झाली. नातीनं केलं. म्हनाली, कष्टाळू आन् मनमिळाऊ व्हते."

आबांनी त्यावर विचार केला. "मनमिळाऊ कोन म्हनलं? सुजी?"

"व्हय."

"पोरगी भेटली न्हाई मला लई दिस," आबा म्हणाले, "म्हनून म्हनली आसंल." आणि मग त्यांनी सरकून कठड्यावर पप्पांना बसायला जागा केली.